पत्राच्या पाठीवरील आंकडे

गणितावरील लेख मासिकांत दिसला कीं पुष्कळ वाचक पान उलटतात, हें आम्ही जाणून आहों. विद्यार्थिदशेंत आम्हीही त्याच पंथाचे होतों. कलनशास्त्राच्या तासाला एखाद्या पदाचा अवकलज काढावयाचा, मग त्या अवकलजाचा अवकलज, मग त्याचाही पुढचा. असें करतां करतां वहीचीं पानें भरत, आणि तिसऱ्या ओळींत एखादा आंकडा चुकलेला असला कीं खालचें सारें काम फुकट जाई. आमचे शिक्षक अशा वेळीं एवढेंच म्हणत, "ओळी मोजूं नका, ओळींकडे पाहा." त्या वेळीं ह्या सांगण्याचा अर्थ आम्हांस कळला नाहीं. तो कळला पुष्कळ वर्षांनीं, स्कॉटलंडांतील एका गणितज्ञाच्या रद्दी कागदाची हकीकत वाचतांना. तीच हकीकत आज वाचकांपुढें ठेवावयाची आहे. बेरीज आणि गुणाकार ह्यांपलीकडे तींत वाचकांस कांहीं करावें लागणार नाहीं, असें आम्ही आरंभींच आश्वासन देतों.

प्रथम, अवकलज म्हणजे काय तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. पुण्याहून मुंबईस निघालेली गाडी कोणत्या क्षणीं कोठें आहे हें आपणांस ठाऊक असलें, तर तिची जागा कोणत्या त्वरेनें बदलत आहे तो पहिला अवकलज. त्यासच आपण वेग म्हणतों. खंडाळ्याचा घाट उतरतांना हा वेगही एकसारखा राहत नाहीं. तो ज्या मानानें वाढतो किंवा कमी होतो तो दुसरा अवकलज. आणि ही वाढघटही एकाएकीं बदलली, तर डब्यांत उभा असलेला उतारू शेजाऱ्याच्या अंगावर जातो. तो तिसऱ्या अवकलजाचा प्रसाद होय. याप्रमाणें बदलाचा बदल, त्याचाही बदल, अशी ही परंपरा वाटेल तितकी लांबवितां येते. तिचा उपयोग असा कीं एका क्षणींची जागा, वेग, वेगांतील बदल आणि पुढचे सर्व बदल ठाऊक झाले, तर बहुतेक नेहमींच्या पदांच्या बाबतींत त्या क्षणाच्या आसपासचें सारें वर्तन त्यांवरून रचतां येतें. एका बिंदूंत जणूं सर्व मार्गाची कुंडली सांपडते.

बदलाचा बदल पाहण्याची ही दृष्टि आपल्या देशांत फार जुनी आहे. पांचव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या आर्यभटानें वर्तुळाच्या चतुर्थांशाचे २४ समान भाग करून प्रत्येकाची ज्या दिली. त्रिज्या ३४३८ कला धरिली असतां पहिल्या चार ज्या २२५, ४४९, ६७१ व ८९० अशा येतात. आर्यभटानें ज्या न सांगतां त्यांचीं अंतरें सांगितलीं आहेत: २२५, २२४, २२२, २१९, २१५. आतां ह्या अंतरांचींही अंतरें घ्या. तीं अनुक्रमें १, २, ३, ४ अशीं येतात. उलट वरील चार ज्यांस २२५ नें भागा. भागाकारही अनुक्रमें १, सुमारें २, सुमारें ३ व सुमारें ४ असाच येतो. म्हणजे ज्येच्या अंतराचें अंतर पुन्हां ज्येच्याच प्रमाणांत असतें; भेद एवढाच कीं तें वाढीचें नसून घटीचें असतें. आजचा विद्यार्थी हीच गोष्ट निराळ्या शब्दांत शिकतो. ज्येचा पहिला अवकलज कोटिज्या, दुसरा उलट चिन्हाची ज्या, तिसरा उलट चिन्हाची कोटिज्या आणि चौथा पुन्हां ज्या. चार पावलांत फेरा पुरा होतो. हा फेरा ज्यानें ओळखला त्यास शंभरावा अवकलज विचारला तर लेखणी उचलावी लागत नाहीं. शंभरास चारानें निःशेष भाग जातो, म्हणून शंभरावा अवकलज ज्याच.

पुढें इ. स. ११५० मध्यें भास्कराचार्यांनीं सिद्धांतशिरोमणींत ग्रहाच्या तात्कालिक गतीचा विचार केला. त्यांत कलनशास्त्राचें बीज आहे ही गोष्ट काशीच्या बापूदेव शास्त्र्यांनीं १८५८ सालीं विद्वानांच्या नजरेस आणिली. चाळीसगांवजवळच्या पाटण येथील शिलालेखांत भास्कराचार्यांच्या नातवानें, चांगदेवानें, आजोबांचे ग्रंथ शिकविले जावे म्हणून मठ स्थापिल्याची नोंद आहे. विद्या जतन करणारीं माणसें मागें असणें किती मोलाचें, हें पुढील हकीकतीवरून ध्यानांत येईल. कारण जिची आम्ही गोष्ट सांगणार आहों ती विद्या असल्या मठावांचून अडीचशें वर्षांहून अधिक काळ एका कागदाच्या पाठीवर पडून राहिली.

जेम्स ग्रेगरी याचा जन्म १६३८ सालीं स्कॉटलंडांत अबर्डीनजवळ एका धर्मोपदेशकाच्या घरीं झाला. चोविसाव्या वर्षीं, १६६३ त, त्यानें प्रकाशशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध करून आरशाच्या दुर्बिणीची कल्पना मांडली. नंतर तो इटलींत पादुआ येथें चार वर्षें राहिला व तेथें गणिताचे दोन ग्रंथ त्यानें छापले. १६६८ सालीं परत आल्यावर सेंट अँड्र्यूज येथें त्यास गणिताच्या अध्यापकाची जागा मिळाली. गांव लहान, समुद्रकांठचें. गणितांतलें बोलावयास जवळ कोणी नाहीं. लंडनमधील जॉन कॉलिन्स नांवाच्या एका सज्जनाचीं पत्रें हाच त्याचा जगाशीं संबंध. हा कॉलिन्स स्वतः मोठा गणिती नव्हता. परंतु कोण काय शोधीत आहे तें एकास विचारून दुसऱ्यास कळविणें हें त्यानें आपलें व्रत मानिलें होतें. मासिकें निघण्यापूर्वीं असलीं माणसेंच मासिकांचें काम करीत.

१६७० च्या मार्च महिन्यांत कॉलिन्सनें ग्रेगरीस न्यूटनची एक श्रेढी कळविली. वर्तुळाच्या एका भागाचें क्षेत्रफळ तींत अनंत पदांच्या बेरजेनें दिलें होतें. पण रीत दिलेली नव्हती. फळ हातीं आलें, झाड कोठें आहे तें नाहीं! ग्रेगरीस तें झाड शोधावयास त्या वर्षाचा बहुतेक काळ लागला. नोव्हेंबरांत त्यानें अंतरांवरून मधलीं मूल्यें काढण्याचें सूत्र कॉलिन्सला लिहून पाठविलें. वर आम्हीं आर्यभटाच्या कोष्टकाचीं अंतरें जशीं घेतलीं तशाच अंतरांवर तें सूत्र उभारलेलें आहे. आणि १५ फेब्रुवारी १६७१ च्या पत्रांत तर त्यानें एकामागून एक श्रेढी मांडल्या: कंसावरून स्पर्शज्या, स्पर्शज्येवरून कंस, कंसावरून छेदनरेषा, आणि त्यांचे घातांकगणकही. रीत त्यानेंही सांगितली नाहीं.

यांपैकीं स्पर्शज्येवरून कंस काढण्याची श्रेढी पुढें ग्रेगरीच्या नांवानें प्रसिद्ध झाली. परंतु ती ग्रेगरीच्या पूर्वीं सुमारें अडीचशें वर्षें केरळांत माधवाच्या परंपरेंत ठाऊक होती. ज्येष्ठदेवाच्या युक्तिभाषा ह्या मलयाळम् ग्रंथांत तिची उपपत्ति आहे, आणि कंपनी सरकारच्या नोकरींतील चार्ल्स व्हिश ह्यानें १८३४ च्या सुमारास तिच्याकडे युरोपीय विद्वानांचें लक्ष वेधिलें. केरळीय पंडितांची वाट निराळी होती. कंसाचे अतिसूक्ष्म तुकडे पाडून त्यांच्या बेरजा करीत ते त्या ठिकाणीं पोंचले. ग्रेगरी कोणत्या वाटेनें गेला हें मात्र कोणासच ठाऊक नव्हतें. विचारावें तर तो लवकरच जग सोडून गेला. १६७४ त तो एडिंबरोस गेला; १६७५ च्या ऑक्टोबरांत एका रात्रीं विद्यार्थ्यांस दुर्बिणींतून गुरूचे उपग्रह दाखवीत असतां त्यास झटका आला, दृष्टि गेली, आणि थोड्याच दिवसांत त्याचा अंत झाला. त्या वेळीं त्याचें वय अवघें ३६ होतें.

आपली रीत त्यानें प्रसिद्ध कां केली नाहीं? न्यूटननें ती आपल्या अगोदर शोधली असावी, आणि त्याच्या आधीं आपण छापणें बरें नव्हे, असें त्यास वाटलें. न्यूटनला आधीं प्रसिद्ध करूं द्यावें, म्हणून तो थांबून राहिला. न्यूटन कांहीं लवकर छापणारा नव्हता. लायब्निट्सचा कलनशास्त्रावरील पहिला लेख १६८४ त निघाला. आणि क्रमिक अवकलजांवरून श्रेढी रचण्याचा सर्वसाधारण सिद्धांत १७१५ सालीं ब्रुक टेलर ह्या इंग्रज गणितज्ञानें आपल्या ग्रंथांत मांडला. त्यानेंही अंतरांच्या सूत्रावरूनच तो काढला. आज जगांतील सर्व विद्यार्थी त्यास टेलरचा सिद्धांत म्हणून ओळखतात. टेलरवर आमचा कांहीं आक्षेप नाहीं. त्यानें शोधलें आणि छापलें. शोधून जो थांबला त्याचें नांव मागें राहिलें.

यापुढची हकीकत विसाव्या शतकांतली आहे. ग्रेगरीच्या जन्मास १९३८ सालीं तीनशें वर्षें पुरीं झालीं. त्या सुमारास सेंट अँड्र्यूज येथील गणिताचे प्राध्यापक टर्नबुल हे त्याचे जुने कागद चाळीत होते. कागद त्या काळीं महाग. ग्रेगरी आलेल्या पत्रांच्या कोऱ्या पाठीवर आपलीं आंकडेमोड करी. गिडियन शॉ नांवाच्या एडिंबरोच्या पुस्तकविक्याचें एक पत्र त्यांत निघालें; त्यावर तारीख २९ जानेवारी १६७१ ची. पुढल्या बाजूस व्यवहाराचा मजकूर, आणि मागल्या बाजूस गर्दीनें लिहिलेले आंकडे. टर्नबुल यांनीं ते आंकडे ओळखले. ते स्पर्शज्येचे व इतर पदांचे एकामागून एक काढलेले अवकलज होते. कॉलिन्सला पत्र गेलें तें पंधरा फेब्रुवारीस; म्हणजे पत्राआधींच्या सुमारें अडीच आठवड्यांत हें काम झालें असलें पाहिजे.

पण संशयी मनुष्य म्हणेल, त्या पत्रांतील श्रेढी ह्याच आंकड्यांवरून काढल्या कशावरून? येथें ग्रेगरीच्या बाजूनें जो साक्षीदार उभा राहिला तो मोठा विलक्षण आहे. तो म्हणजे ग्रेगरीची चूक. कॉलिन्सला पाठविलेल्या स्पर्शज्येच्या श्रेढींत नवव्या घाताचा गुणक १८१४४० छेद आणि ३२३३ अंश असा दिला आहे. वास्तविक अंश ३९६८ हवा. आणि पुस्तकविक्याच्या पत्राच्या पाठीवरही तोच ३२३३ आहे! बरोबर उत्तर दोन वाटांनीं येऊं शकतें, दोनशें वाटांनींही येऊं शकतें. परंतु तीच चूक दोन ठिकाणीं येते ती एकाच वाटेनें. परीक्षेंत दोघां विद्यार्थ्यांचीं बरोबर उत्तरें जुळलीं म्हणून कोणी शंका घेत नाहीं. चुका जुळल्या म्हणजे परीक्षक चष्मा पुसतो. त्या एका आंकड्यावरून ठरलें कीं टेलरच्या ४४ वर्षें अगोदर ग्रेगरी क्रमिक अवकलजांवरूनच श्रेढी रचीत होता. टर्नबुल यांनीं हे सर्व कागद १९३९ सालच्या स्मारकग्रंथांत प्रसिद्ध केले.

ती चूक झाली कशी, हें वाचकांस स्वतःच पाहतां येईल. त्रिज्या १ धरिली म्हणजे स्पर्शज्येचा पहिला अवकलज "एक अधिक स्पर्शज्येचा वर्ग" असा येतो. पुढचे सर्व अवकलज स्पर्शज्येच्याच निरनिराळ्या घातांचे असतात. केवळ गुणक मांडले तर ओळी अशा होतात:

पहिली: १, १
दुसरी: २, २
तिसरी: २, ८, ६
चौथी: १६, ४०, २४
पांचवी: १६, १३६, २४०, १२०
सहावी: २७२, १२३२, १६८०, ७२०

पहिल्या, तिसऱ्या व पांचव्या ओळींतील आंकडे शून्य, दोन, चार, सहा ह्या घातांचे. मधल्या ओळींतील एक, तीन, पांच, सात ह्या घातांचे. एका ओळीवरून पुढची ओळ काढण्याची रीत अशी: प्रत्येक गुणकास त्याच्या घातानें गुणावें, आणि तो गुणाकार एक घात कमी व एक घात अधिक अशा दोन्ही घरांत मांडावा, एका घरांत दोन संख्या आल्या तर त्यांची बेरीज करावी. तिसरी ओळ घ्या. ८ चा घात दोन, गुणाकार १६. तो पहिल्या व तिसऱ्या घाताच्या घरांत. ६ चा घात चार, गुणाकार २४. तो तिसऱ्या व पांचव्या घरांत. म्हणून चौथी ओळ १६, मग १६ अधिक २४ म्हणजे ४०, आणि शेवटीं २४. विटेवर वीट बसावी तशी ओळीवर ओळ बसत जाते.

सातव्या ओळींतील दुसरा गुणक काढावयाचा तर सहाव्या ओळींतील १२३२ ची तिप्पट करून तींत २७२ मिळवावे, ३९६८ येतात. आतां १२३२ च्या जागीं ९८७ धरा. त्याची तिप्पट २९६१, त्यांत २७२ मिळविले म्हणजे बरोबर ३२३३! म्हणजे ही चूक सातव्या ओळीच्या गुणाकाराची नव्हे, सहाव्या ओळींतील एका बेरजेची आहे. २७२ आणि ९६० ह्या दोन संख्यांची बेरीज तेथें बिघडली. ती तशीच पुढें वाहत गेली, नवव्या ओळीपर्यंत पोंचली, तेथून पत्रांत उतरली आणि टपालानें लंडनला गेली.

आतां ओळींकडे पुन्हां एकदां पाहावें. प्रत्येक ओळीचा शेवटचा आंकडा १, २, ६, २४, १२०, ७२० असा आहे. एक ते क्रमानें येणाऱ्या संख्यांचे ते गुणाकार होत. एकाआड एका ओळीच्या आरंभींचे १, २, १६, २७२ हे आंकडेही कांहीं अकस्मात् आलेले नाहींत. जेकब बर्नुली ह्याच्या मरणोत्तर १७१३ त निघालेल्या ग्रंथांतील सुप्रसिद्ध संख्यांशीं त्यांचें नातें आहे. पण ह्याहूनही साधी एक गोष्ट डोळ्यांपुढें आहे. दुसऱ्या ओळीपासून खालीं एकही विषम संख्या नाहीं. आणि ती असूं शकतच नाहीं. कारण एक ओळ सबंध सम झाली कीं तिच्या गुणाकारांनीं व बेरजांनीं होणारी पुढची ओळही समच होणार. ९८७ ही संख्या विषम आहे. साऱ्या सम पंक्तींत ती एकटी विषम बसली होती. तिला पंक्तींतून उठविण्यास पुन्हां गुणाकार करण्याची गरज नव्हती. पंक्तीवरून नुसती नजर फिरविणें पुरें होतें.

ग्रेगरीसारख्या बुद्धिमंतास हें दिसलें नाहीं, याचें आम्हांस हंसूं येत नाहीं. उलट त्याच्याविषयीं जिव्हाळाच वाटतो. फेब्रुवारीची थंडी, रद्दी कागद, एकटेपण, आणि कोणीं कधीं न चाललेली वाट. जो नवी वाट पाडतो त्याचें लक्ष पुढच्या पावलाकडे असतें. मागें उमटलेल्या पावलांची नक्षी पाहण्यास त्यास उसंत नसते. ती पाहण्याचें काम दुसऱ्याचें. त्याचें लेखन त्याच वेळीं छापलें गेलें असतें तर कोणी वाचक, कोणी विद्यार्थी, कोणी प्रतिस्पर्धी त्या विषम आंकड्यावर बोट ठेवता. प्रसिद्धि ही कीर्तीसाठींच हवी असें नाहीं. चूक सुधारण्यासाठींही ती हवी. संकोचानें ग्रेगरीचें श्रेय गेलें हें सर्व म्हणतात. त्याच संकोचानें त्यास आपली चूक दाखविणारा मित्रही मिळूं दिला नाहीं, हें आम्हांस अधिक दुःखाचें वाटतें. आणि दैवाची थट्टा अशी कीं सुधारली न गेलेली ती चूकच पुढें त्याची एकमेव साक्षीदार ठरली.

आज एखाद्या पदाचे शंभर अवकलज गणकयंत्र निमिषांत काढून देतें. यंत्राच्या बेरजा सहसा चुकत नाहींत. मग घरोघरचीं मुलें वह्या कां भरतात, असा प्रश्न पालक विचारतात, व तो रास्त आहे. आमचें उत्तर असें, कीं ओळी काढण्यासाठीं नव्हे, ओळी ओळखण्यासाठीं. यंत्रास भलताच प्रश्न घातला तर तें भलतेंच उत्तर तितक्याच तत्परतेनें देईल. तें विषम आहे कीं सम, फेरा पुरा झाला कीं नाहीं, हें पाहणारा डोळा विचारणाऱ्याच्याच ठायीं हवा. आणि तो डोळा दोनचार ओळी स्वतःच्या हातानें मांडल्यावांचून येत नाहीं. आर्यभटाच्या कोष्टकांतील १, २, ३, ४ हीं अंतरें ज्यानें एकदां आपल्या हातानें वजाबाकी करून पाहिलीं, त्यास ज्येचा स्वभाव पुन्हां सांगावा लागत नाहीं.

आमच्या शिक्षकांच्या सांगण्याचा अर्थ आम्हांस उमगला तो असा. ते आतां हयात नाहींत. त्यांनीं तांबड्या शाईनें खुणा केलेली एक वही आमच्यापाशीं अद्याप आहे. परवां ती उघडली, तों स्पर्शज्येच्याच एका उदाहरणांत चौथ्या ओळींत ४० च्या जागीं आम्हीं ३९ लिहिलेले सांपडले. शिक्षकांनीं बरोबर आंकडा लिहून दिला नव्हता. ३९ भोंवतीं नुसतें एक वर्तुळ काढलें होतें.